चार अंश, एकवीस कला

सिस्टरनं फॉर्मवर लिहिलं, सहा अठ्ठावन्न.
तिला कुठं ठाऊक, सिप्पोरा,
की त्या आकड्यापाशी मी वर्षभर बसून राहीन.

त्या दिवशी नाशिकचा सूर्य मावळला सहा त्रेचाळीसला.
ठाण्याच्या सिनेगॉगातून येणाऱ्या कॅलेंडरात शेहेचाळीस आहे,
पण आपण त्यांच्या पूर्वेला. तीन मिनिटं वजा.
ही वजाबाकी दर शुक्रवारी तूच करायचीस,
पेन्सिलीनं, समासात.

अंजनेरीमागं तो डोळ्यांदेखत आधीच जातो,
ते धरायचं नाही.
क्षितिज सपाट मानायचं,
जणू मध्ये सह्याद्री उभाच नाही.

म्हणजे पंधरा मिनिटं.
म्हणजे सूर्य खाली चार अंश, एकवीस कला.
पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं थिओडोलाइट वाहिला,
कालव्याचा उतार सेंटिमीटरात सांगायचो,
आणि आता हे सुटत नाही:
तू अदारच्या अठराव्या दिवशी गेलीस
की एकोणिसाव्या?

शेजारचे खैरनार म्हणाले, आमच्यात तिथी उगवतीची धरतात,
तुम्हीपण तसंच करा ना.
म्हटलं, आमचा दिवस मावळतीला सुरू होतो, खैरनार.
पण मावळती संपते कुठं आणि रात्र लागते कुठं,
तिथंच घोडं पेंड खातंय.

एक शहाणा सांगतो, साडेतेरा मिनिटांनी रात्र.
मग तू रात्रीत गेलीस, दीड मिनिटानं.
दुसरा म्हणतो, सूर्य साडेआठ अंश खाली जाऊ दे,
आपल्या अक्षांशावर सात सोळा.
मग तू ना इकडची ना तिकडची.
तिसऱ्याची रात्र बहात्तर मिनिटांनी पडते.
त्याच्या हिशोबात तू अजून उजेडात आहेस.
तिसऱ्याचं पुस्तक मी उशाशी ठेवलंय.

मग सिव्हिलला गेलो, वॉर्डातलं घड्याळ बघायला.
ते बदललेलं.
वॉर्डबॉय म्हणाला, जुनं होय? ते पाच मिनिटं पुढंच असायचं,
ड्यूटी वेळेत सुटावी म्हणून.
म्हणजे तीन अंश, अकरा कला.
किंवा सिस्टरनं स्वतःच्या मनगटावर पाहिलं असेल.
तिची बदली मालेगावला झालीय.
नंबर मिळाला. लावला नाही.

खरं सांगू, मी तेव्हा खाली होतो,
मेडिकलच्या रांगेत. बिलावर सात एकचा शिक्का आहे.
आवारातून परत आलो, हातात सलाइनची बाटली,
सरळ समोर बघत.
एकदा मान वर केली असती
तर हे सगळं कोष्टक लागलंच नसतं.

तारे तीन हवेत, मोठे नकोत,
मधले, आणि एकमेकांजवळचे. शुक्र बाद.
गच्चीवर शनिवारी तूच मोजायचीस.
मी खाली सब्जाची पानं चुरत थांबायचो,
आणि तू पायरीवरून ओरडायचीस, दोनच!
मला वाटायचं तुझे डोळे अधू झालेत.
मग एकदा मागून येऊन पाहिलं:
आकाश भरून आलेलं ताऱ्यांनी,
आणि तू कठड्याला टेकून, चप्पल काढून,
काहीही न करता उभी.
दोनच, म्हणालीस, माझ्याकडं न बघता.

आज अठरावा लागतोय.
दिव्यात खोबरेल ओतलंय दोन दिवसांचं.
वात जाळून पाहिली होती, तासाला किती जातं ते.
शनवारतेल्यांचा पोर मी,
निदान तेलाचा अंदाज चुकू नये.

आता गच्चीवर आहे.
कॉलेजच्या मैदानावर मॅच चाललीय,
त्यांच्या दिव्यांनी पश्चिम पुसून टाकलीय.
तरी डोक्यावर एक आहे. त्याच्या डावीकडं दुसरा.
खैरनार जिन्यातून विचारतायत,
झाली का हो रात्र तुमची?

दोनच, म्हटलं.